‘सोडू की नको?’ : नोकरीतल्या परावलंबनाविषयी एक समुपदेशन अनुभव

बेळगाव आणि आसपासच्या खेड्यांतून माझ्याकडे येणाऱ्या तिशी-पस्तिशीच्या माणसांच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार असतो. नोकरी आहे, महिन्याला पगार येतो, हाताला काम येते. पण हे सगळे एका माणसाच्या मर्जीवर उभे आहे, ती मर्जी फिरली तर आपल्यामागे ना पैसा आहे ना ओळख, आणि स्वतःचे काही सुरू करावे तर तोवर घर कोण चालवणार? काही जण हे रागाने विचारतात, काही जण डोळ्यांत पाणी आणून. बरेच जण तर विचारतच नाहीत. झोप लागत नाही, छातीत धडधडते, मुलांवर विनाकारण हात उगारला जातो, अशा तक्रारी घेऊन ते येतात आणि दोन-तीन भेटींनंतर मूळ गोष्ट बाहेर पडते. उद्यमबागेतल्या मशीन शॉपमधला ऑपरेटर असो, खासगी शाळेतली शिक्षिका असो किंवा पेठेतल्या दुकानातला दिवाणजी असो, प्रश्नाचा गाभा तोच राहतो. एका बाईने त्यातून वाट कशी काढली, ते येथे मांडते. तिची संमती घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

ती काही वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा ३२ वर्षांची होती. उचगाव-बेळगुंदी पट्ट्यातल्या एका गावची ही सून. बी. कॉम. झाल्याबरोबर मामांच्या ओळखीने ती रविवार पेठेतल्या हार्डवेअरच्या एका घाऊक पेढीत हिशेब लिहायला लागली आणि तेथेच तिची ११ वर्षे गेली. पगार १६,००० रुपये, तोही रोख. नवऱ्याचा स्वतःचा टेम्पो. बेळगावची भाजी तो चोर्ला घाटातून गोव्याला नेत असे, आणि पावसाळ्यात फेऱ्या कमी झाल्या की घर तिच्या पगारावर चालत असे. मालक थकले होते, कारभार मुलाच्या हाती आला होता. एकदा तिच्या देखतच तो वडिलांना म्हणाला की आता संगणक एवढे काम करतो तर इतकी माणसे कशाला हवीत. तिला कुणी काढले नव्हते. पण त्या दिवसापासून मालकाचा आवाज थोडा चढला तरी तिचे हात थंड पडत, आणि रात्री ती छताकडे बघत पडून राही. माझ्यासमोर बसल्यावर तिचे पहिले वाक्य होते, “सोडू की नको, एवढंच सांगा की मॅडम.”

या प्रश्नाला मी हो किंवा नाही असे उत्तर देत नाही, आणि त्यामागे केवळ व्यवसायाची शिस्त नाही. ज्याचा निर्णय आजवर दुसऱ्यांनी घेतला त्याला मीही एक निर्णय हातात दिला, तर त्याच्या परावलंबनात माझी भर पडते. म्हणून तिच्या भीतीचे तुकडे करून ते कागदावर लिहायला मी तिला सांगितले. तिसऱ्या भेटीत तिने आणलेल्या कागदावर तीन ओळी होत्या: मामांची मान खाली जाईल, घरात पैसे कमी पडतील, मला बाहेर कोण ओळखतो? या तीन भीतींना तीन वेगळी उत्तरे लागतात, हे तिच्या ध्यानात आले तेव्हाच तिचा श्वास थोडा मोकळा झाला. रात्री एकटे पडून विचार करताना मनात त्यांचा एकच गोळा होतो आणि तो कुठूनच उचलता येत नाही.

पहिली ओळ सर्वांत जड होती. आपल्या भागात नोकरी ही बहुतेक वेळा कुणाच्या तरी शब्दावर मिळते. मामा, आत्याचे यजमान, मंडळातले कुणी, सोसायटीचे संचालक. शब्द टाकणाऱ्याची पत त्यात गुंतलेली असते, आणि नोकरी करणाऱ्यालाही आपण पगार कमावत नसून उपकाराची परतफेड करत आहोत असे वाटू लागते. पगारवाढ मागणे म्हणजे कृतघ्नपणा, रजा मागणे म्हणजे गैरफायदा. ही बाई ताप अंगात असताना कामावर गेली होती आणि त्याबद्दल तिची कसलीच तक्रार नव्हती. मी तिला विचारले, “या ११ वर्षांत पेढीला तुमच्याकडून काय मिळालं ते सांगा.” ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूहळू आठवू लागली: बुडीत धरलेली उधारी तिने फोन करकरून वसूल केली होती, २०१७ साली जीएसटी आला तेव्हा जुन्या खतावणीतला माल नव्या पद्धतीत रात्री बसून तिनेच बसवला होता, आणि चंदगड, खानापूर, संकेश्वरचे गिऱ्हाईक बिलाचे काही विचारायचे झाले तर मालकाला सोडून थेट तिला फोन करत होते. मामांनी दार उघडले होते हे खरे. आत टिकून राहण्याचे काम तिचे स्वतःचे होते. मामांविषयीची कृतज्ञता दिवाळीला त्यांच्या पाया पडून व्यक्त करता येते, त्यासाठी आयुष्यभर एका टेबलाला बांधून घ्यावे लागत नाही, असे मी तिला स्पष्ट सांगितले.

त्याच भेटीत एक व्यवहाराची गोष्ट निघाली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण उपकाराच्या भावनेखाली आपली माणसे स्वतःचे कायदेशीर हक्कही विसरतात. पेढीत १२ माणसे होती. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे २० माणसांपासून लागू होतो, त्यामुळे तिचा पीएफ कापला जात नव्हता, आणि म्हणून आपल्याला काहीच मिळणार नाही असे तिने धरून ठेवले होते. पण १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा १० माणसांच्या दुकानालाही लागू होता. सलग ५ वर्षे सेवा झालेला कामगार नोकरी सोडताना दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाचा हक्कदार ठरतो आणि हा हिशेब महिन्याचे २६ दिवस धरून होतो. तिने माझ्यासमोरच आकडेमोड केली: वर्षाला ९,२३० रुपये, ११ वर्षांचे एक लाखाच्या थोडे वर. दुसऱ्यांचे हिशेब इतकी वर्षे चोख ठेवणाऱ्या बाईने स्वतःचा हा हिशेब कधी मांडलेला नव्हता. ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, १२० रुपये दरमहा पगारातून जात होते, पण कार्ड कपाटात पडून होते आणि मुलाच्या आजारपणाचे बिल तिने खासगी दवाखान्यात कर्ज काढून भरले होते. पुढच्या आठवड्यात तिने दोन गोष्टी केल्या: ते कार्ड बाहेर काढले, आणि पगार बँकेत जमा करण्याची विनंती मालकाच्या मुलाकडे केली. ती मान्य झाली. उद्या कर्जाला किंवा कुठल्याही अर्जाला पगाराचा पुरावा लागतो आणि रोख पगाराचा तो नसतो, एवढेच त्यामागचे कारण होते. तरी ११ वर्षांत तिने मालकाकडे स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

पैशांच्या ओळीवर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. “शिल्लक काहीच नाही” असे ती म्हणत होती, आणि ते पूर्णपणे खरे नव्हते. तिच्या पगारातले २,००० रुपये गावातल्या भिशीत जात. दुकानावर येणाऱ्या एजंटकडे रोजचे ५० रुपये पिग्मी. बायकांच्या संघाकडून घेतलेल्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता ६०० रुपये. उरलेले सुमारे १०,००० घरात. म्हणजे ती बचत करत होती. पण भिशी उचलली की ती सणात किंवा सोन्यात जाई, पिग्मी गणपतीला मोडली जाई, आणि सोने टेम्पोच्या वेळी जे बँकेत गहाण पडले ते तेथेच होते. प्रत्येक रुपयाला आधीच कुणाचे तरी नाव लागलेले होते, आणि तिला स्वतःच्या निर्णयाने हात लावता येईल असा एकही रुपया नव्हता.

येथे नवऱ्याला बोलावल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हते. बाई स्वतंत्र होऊ पाहते आहे असे घरातल्यांना नुसते ऐकू आले तर त्याचा अर्थ भलताच लावला जातो, आणि मग घरातली भांडणे मिटवण्यातच वर्ष जाते. तो आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि सरळ म्हणाला, “मॅडम, माझा टेम्पो बंद पडला की हिच्या पगारावर चूल पेटते. तोच पगार गेला तर आम्ही काय करायचं?” मला त्याचे बोलणे आवडले, कारण त्यात अडवणूक नव्हती, खरी काळजी होती. मी त्याला म्हटले की तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि म्हणूनच त्या आज नोकरी सोडणार नाहीत. मग तिघांनी मिळून घरखर्चाचा आकडा काढला. काटकसरीने २२,००० रुपये लागत. वाईट महिन्यात त्याच्या हातात १०,००० उरत. म्हणजे खड्डा १२,००० चा. असे सहा महिने निघतील एवढी रक्कम, म्हणजे ७२,००० रुपये, तिच्या नावावर उभी राहिल्याशिवाय राजीनाम्याचा विषय काढायचा नाही, असे ठरले. रक्कम तिच्या एकटीच्या खात्यावर का, असे त्याने विचारले. तिनेच उत्तर दिले, “दोघांच्या खात्यावर असली की टायर बदलायला जाते.” तो हसला आणि गप्प बसला. सासूबाईंना मात्र हे शेवटपर्यंत पटले नाही. आमच्या घरात पैसा कुणाचा हे कधी विचारले नाही, असे त्या म्हणत, आणि त्यांच्या पिढीने ज्या विश्वासावर संसार केला तो खोटा नव्हता, म्हणून त्यांना पटवण्याचा हट्ट मी धरू दिला नाही.

रक्कम कुठे ठेवायची, हाही प्रश्न आपल्या भागात साधा नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गल्लोगल्ली पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्या आहेत, त्यांतल्या कित्येकांनी गरजू माणसाला उभे केले आहे, आणि एजंट ओळखीचा असल्याने माणसे डोळे झाकून ठेवी ठेवतात. पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. अडचणीच्या वेळी जो पैसा हमखास हातात यायलाच हवा तो एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी विमा नसलेल्या ठिकाणी ठेवू नये, असे मी प्रत्येकाला सांगते. पोस्टाची आवर्ती ठेव सुरक्षित आहे, पण ती ५ वर्षांची असते आणि ३ वर्षांच्या आत बंद करता येत नाही, त्यामुळे दूरच्या गरजेला ती चांगली आणि तातडीच्या गरजेला निरुपयोगी. तिने बँकेत आवर्ती खाते उघडले. संघाचे कर्ज सात महिन्यांत फिटले आणि तोच हप्ता, एकही महिना न चुकवता, त्या खात्यात जाऊ लागला. माझ्या अनुभवात बचत वाढण्याचा हा सर्वांत सोपा क्षण असतो. कर्ज फिटल्यावर पहिल्याच महिन्यात ती रक्कम दुसरीकडे वळवली नाही तर घरखर्च ती गिळून टाकतो. ज्यांच्या डोक्यावर सावकाराचे महिना तीन-चार टक्क्यांचे कर्ज आहे त्यांनी तर आधी तेच फेडावे, कारण कुठल्याही ठेवीचे व्याज त्याला पुरे पडत नाही. भिशीचा नंबर आला तेव्हा २० जणींचे ४०,००० रुपये तिच्या हातात पडले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यातून सोने आले नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात घाटात टेम्पोचा क्लच गेला. दुरुस्ती, ओढून आणण्याचा खर्च आणि भाजी कुजल्याची भरपाई मिळून १८,००० रुपये तिच्या रकमेतून गेले. ती त्या आठवड्यात आली तेव्हा रडवेली होती. सगळे पाण्यात गेले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असे म्हणत होती. मी तिला एवढेच विचारले की हीच घटना आदल्या वर्षी घडली असती तर काय केले असते. तिला उत्तर माहीत होते: हातउसने, नाहीतर उरलेसुरले मंगळसूत्र गहाण. रक्कम ज्यासाठी ठेवली होती त्याच कामाला आली होती. ती पुन्हा भरायला चार-पाच महिने लागले. या काळात तिची झोप मात्र बिघडली नाही, याची नोंद मी माझ्या वहीत केली, कारण समुपदेशनाच्या दृष्टीने तोच खरा फरक होता.

पैसे जमत असतानाच कामाची बाजू सुरू होती. रोजच्या नोंदी, बिले, मालाच्या वाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल हे सारे ती करत असे. पण विवरणपत्रे सीएच्या ऑफिसात भरली जात, आणि तो भाग आपल्या आवाक्यातला नाही असा तिचा समज होता. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येतो आणि त्यासाठीची परीक्षा देता येते, हे तिला सीएच्या ऑफिसातल्या एका मुलीनेच सांगितले. तिने रोज पहाटे एक तास अभ्यासाला दिला. शिवाय ती ज्या टापूत राहते तेथली एक गरज तिच्या अंगवळणीच पडलेली होती: माल शिनोळीची हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात गेला की राज्य बदलते, केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी यांच्या जागी आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी लागतो, आणि बिलावर कर्नाटकच्या २९ ऐवजी महाराष्ट्राचा २७ हा राज्य-संकेत असलेला जीएसटी क्रमांक तपासावा लागतो. मोठ्या शहरातल्या हिशेबनिसाला जे पुस्तकात शोधावे लागते ते हिच्या रोजच्या कामात होते.

कन्नडचा विषय मी मुद्दाम काढला. ती कन्नड बोलत असे, पण वाचताना अडखळे, आणि ग्रामपंचायतीचा किंवा एखाद्या खात्याचा कागद आला की तो शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे सरकवत असे. आपल्या भागात हा विषय नाजूक आहे. १९५६ पासूनची जखम घराघरांत आहे, सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मराठीसाठी माणसांनी जे सोसले त्याचा मला मनापासून आदर आहे. तरीही मी तिला सांगितले की जो कागद तुम्हाला वाचता येत नाही त्या कागदापुरते तुम्ही दुसऱ्याच्या हातात असता. मराठीवरचे आपले प्रेम त्याने रतिभर कमी होत नाही. तिने मुलाच्या शाळेच्या पुस्तकावरून सुरुवात केली. दोघे मायलेक संध्याकाळी एकत्र वाचत. त्यात तिला लाज वाटली नाही आणि मुलाला तर अभिमान वाटला.

आता तिसरी ओळ: मला बाहेर कोण ओळखतो? या प्रश्नापाशी आपली माणसे फार लवकर हार मानतात, कारण त्यांच्या मनात ओळख म्हणजे वशिला असतो, वरच्या माणसाने खालच्यासाठी टाकलेला शब्द. मी तिला गेल्या महिन्यात कामासाठी तिला कुणीकुणी फोन केले त्यांची यादी करायला सांगितले. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला कारकून, सीएच्या ऑफिसातली मुलगी, इचलकरंजीच्या पुरवठादाराचा हिशेबनीस, खानापूरचा एक कंत्राटदार, चंदगडचे दोन दुकानदार. यांपैकी कुणीही तिचा नातेवाईक नव्हता आणि मामांना तर कुणीच ओळखत नव्हते. तिने दिलेला आकडा चुकत नाही, विचारलेले सांगते आणि माहीत नसेल तर संध्याकाळपर्यंत विचारून कळवते, एवढ्यावर ही माणसे तिच्याकडे येत होती. व्यवसायातली नाती अशीच बनतात आणि ती बनायला वर्षे लागतात. तिची वर्षे झालेली होती, फक्त तिने त्यांना आपली मानले नव्हते.

पण या माणसांशी वागायचे कसे, यावर आम्ही बरेच बोललो, कारण येथे चूक झाली तर पेठेत नाव जाते आणि गेलेले नाव परत येत नाही. पेढीच्या गिऱ्हाइकांची यादी किंवा हिशेबाची एकही फाइल बाहेर न्यायची नाही, पेढीच्या वेळेत स्वतःचे काम करायचे नाही, आणि बाहेरचे पहिले काम घेण्याआधी मालकाच्या कानावर घालायचे, अशा तीन मर्यादा तिने स्वतः ठरवल्या. शेवटच्या मर्यादेची तिला भीती वाटत होती. मालक बोलले नाहीत, चेहरा उतरला. मुलगा मात्र म्हणाला की आमचे काम वेळेवर होत असेल तर रविवारी काय करता ते आम्ही विचारणार नाही.

पहिले काम आले ते चंदगड तालुक्यातल्या एका छोट्या काजू प्रक्रिया उद्योगाचे, आणि ते ट्रान्सपोर्टच्या कारकुनाने सुचवले. शेतकऱ्याकडून कच्चा काजू विकत घेताना जीएसटी शेतकऱ्याने नव्हे तर खरेदी करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरायचा असतो, ज्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. निपाणीकडच्या तंबाखूच्या पानांनाही तोच नियम. त्या उद्योजकाचा हा भाग दोन वर्षे चुकत आला होता. तिने तो कागदावर मांडून दाखवला, सीएला भेटून दुरुस्त करायला सांगितले, आणि सीएचे काम आपल्याकडे ओढून घेतले नाही. त्या सीएनेच पुढे तिच्याकडे आणखी दोन छोटी कामे पाठवली. मोठ्या ऑफिसला परवडत नाहीत अशी कामे तालुक्याच्या गावी भरपूर असतात, आणि ती ज्याच्याकडे पाठवायची तो माणूस विश्वासाचा असावा लागतो.

पहिल्या भेटीनंतर जवळपास दोन वर्षांनी तिने एका महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन नोकरी सोडली. त्याआधी तिने कुटुंबाचा आरोग्य विमा उतरवला, कारण ईएसआयचे संरक्षण नोकरीबरोबर काही काळाने संपते. सेवा १३ वर्षांची झाली होती, पगार तोच राहिला होता, ग्रॅच्युइटी बरोबर १,२०,००० रुपये होत होती. तिने नियमाप्रमाणे अर्ज दिला, भाषा नम्र ठेवली आणि आकडा ठाम ठेवला. रक्कम दोन हप्त्यांत मिळाली. मालक आजही तिच्याशी तोंड भरून बोलत नाहीत. हे दुःख तिला आहे आणि ते नाहीसे करण्याचा उपाय माझ्याकडे नाही. मामांची मान मात्र खाली गेली नाही. त्यांना तिने राजीनाम्याच्या आदल्या आठवड्यात घरी जाऊन सगळे सांगितले होते, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पैसे किती साठवलेस हा.

पुढचे सगळे सुरळीत झाले असे नाही. एका दुकानदाराने सहा महिने काम करून घेतले आणि पैसे बुडवले. तेव्हापासून ती दरमहाची फी आधी लेखी ठरवते. तिशीच्या बायकांना काम द्यावे पण फी पुरुष हिशेबनिसाच्या निम्मी द्यावी, असे मानणारे लोकही तिला भेटले. आजची तिची कमाई जुन्या पगारापेक्षा थोडी कमीच आहे आणि मार्च-एप्रिलमध्ये थोडी जास्त. तिने सोडवलेले सोने पुन्हा गहाण पडलेले नाही, आणि म्हातारपणासाठी अटल पेन्शन योजनेत, जिला वयाची अट १८ ते ४० आहे, तिने नाव घातले.

शेवटच्या भेटीत तिने एक प्रसंग सांगितला. महिन्याला २,५०० रुपये देणाऱ्या एका गिऱ्हाइकाने तिला माल न हलता नुसती खरेदीची बिले दाखवून कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घ्यायला सांगितले होते. हा गुन्हा आहे हे तिला माहीत होते; पण जुन्या पेढीत मालकाने हेच सांगितले असते तर आपण काय केले असते, या विचाराने ती स्वतःच हादरली होती. तिने त्याच संध्याकाळी त्या माणसाला नाही म्हटले, त्याचे कागद मोजून परत केले आणि पोच घेतली. त्या महिन्यापासून तिच्या हातात २,५०० रुपये कमी येऊ लागले, आणि बँकेतल्या रकमेला हात न लावता घर चालले. हे सांगताना ती सल्ला मागत नव्हती. पुढची भेट ठरवायची गरज आहे का, एवढेच तिने विचारले, आणि आम्ही दोघींनी मिळून ती नको असे ठरवले.